दरमहा पंचवीस रुपये

देणगीतून चालणारी शिष्यवृत्ती साधारण दोन प्रकारची असते. एका प्रकारात दाता दरवर्षी खिशातून पैसे काढून देतो. त्याची ऐपत आणि इच्छा आहे तोवर मदत चालते. दुसऱ्या प्रकारात एक रक्कम कायमची बाजूला ठेवली जाते, मुद्दलाला कुणी हात लावत नाही आणि व्याजातून विद्यार्थ्याला मदत मिळते. मुंबईच्या कला महाविद्यालयांत हे दोन्ही प्रकार दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आले आहेत. फीमाफी, सरकारी शिष्यवृत्त्या आणि बँकेचे कर्ज यांच्या शेजारी ही मदत छोटी दिसते. आर्ट्सच्या विद्यार्थ्याला मात्र ती वेगळ्याच जागी उपयोगी पडते. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी मुळात कमी असते. गरीब घराला खरा भार पडतो तो पोरगा किंवा पोरगी तीन वर्षे पूर्ण पगार आणत नाही याचा. म्हणून दात्याच्या रुपयाने इथे सगळ्यात आधी विकत मिळतो तो वेळ.

डिलाईल रोडसारख्या वस्तीत हे फार लवकर समजते. रस्त्याचे कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग असले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी डिलाईल रोडच आहे. एका अंगाला लोअर परळ स्थानक, दुसऱ्या अंगाला करी रोड, मध्ये गिरण्यांची आवारे आणि चाळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतल्या ३२ इथल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, तेव्हा खोलीही पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपे आणि त्याच्या झोपेसाठी सगळी खोली गप्प बसे. अशा खोलीत अभ्यासाला जागा मिळायची ती गॅलरीत, जिन्यात किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली.

याच भागात, लोअर परळच्या डबक चाळीत, सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहायला आले. धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, उशाशी जाते, पायथ्याशी शेळी. दोघांना एकाच वेळी नीट झोपायला जागा नव्हती. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे, वडील जागे राहत. रात्री दोनला ते मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. मुलगा मिणमिणत्या दिव्याशी वाचत बसे. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा एखादा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आल्यावर सोडवत. मुलाच्या शिक्षणातले पहिले देणगीदार म्हणून या बहिणींची नोंद व्हायला हवी.

एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत हे कसेबसे निभले. पुढे सुभेदारांचा हात पूर्ण आखडला. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर मध्ये पडले. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी शाळकरी वयातच हेरला होता. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एका सभेत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, अस्पृश्य समाजातल्या होतकरू विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे सांगितले होते. केळुसकरांनी त्या शब्दाची आठवण धरून भीमरावांना महाराजांपुढे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तके देत, कपडेही देत. १९१२ मध्ये आंबेडकर बी.ए. झाले.

या हकिगतीत शिष्यवृत्तीची सगळी यंत्रणा उघडी दिसते. पैसा देणारा एक, पैसा आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणारा दुसरा, रोजच्या अडचणीत हात देणारा तिसरा. सयाजीरावांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण केळुसकर नसते तर ते २५ रुपये भीमरावांपर्यंत पोचले नसते. आजही अनेक निधी वर्षभर पडून राहतात, कारण अर्ज करायला हवा असे सांगणारे कुणी विद्यार्थ्याच्या आसपास नसते. चांगल्या महाविद्यालयात हे काम एखादी प्राध्यापिका किंवा कार्यालयातला जुना कारकून करतो. त्याला कोणत्या मुलाने दोन महिन्यांत एकदाही कँटीनमध्ये पाय ठेवला नाही हे माहीत असते.

मुंबईतल्या या परंपरेचे मूळ विद्यापीठाहून जुने आहे. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून निघाला तेव्हा शहरातल्या लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली. सव्वादोन लाखांहून अधिक रुपये उभे राहिले आणि त्यातून प्राध्यापक नेमायचे ठरले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन १८३५ मध्ये सुरू झाले, कॉलेज १८५६ मध्ये वेगळे झाले. दादाभाई नौरोजी याच संस्थेचे विद्यार्थी. वडील लहानपणीच गेलेले, आई मिळवती नव्हती. शिक्षण फुकट होते म्हणून ते शिकू शकले आणि १८४० मध्ये त्यांना क्लेअर शिष्यवृत्ती मिळाली. आपले शिक्षण गरिबांच्या पैशातून झाले, तेव्हा त्यांचे देणे फेडायला हवे, ही जाणीव त्यांना जन्मभर राहिली. मोफत शिक्षणाचा आग्रह त्यांनी तिच्यातूनच धरला.

पुण्याकडे दुसरा झरा होता. पेशवाईत शास्त्री-पंडितांना दरवर्षी वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू शिक्षणाकडे वळवली गेली. त्या पैशातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि शेवटी दक्षिणा फेलोशिप आली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. विद्वानाला पोसायचे ही जुनी रीत नव्या कॉलेजाच्या अंगणात आली, ती अशी.

घरगुती मदतीची रीत तर सर्वांच्या परिचयाची होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागे. यात पोट भरे, पण सात घरांचे सात स्वभाव सांभाळावे लागत आणि जातीबाहेरच्या मुलाला ही दारे बंदच असत. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली ती या बंद दारांवरचा उपाय म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे त्याला श्रमाची जोड दिली.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे कॉलेजशिक्षण थोरल्या भावाच्या जिवावर झाले. गोविंदरावांना कागलला १५ रुपये पगार होता आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्याला पाठवत. एल्फिन्स्टन कॉलेजात शेवटच्या वर्षी गोखल्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्या आठ रुपयांचे ओझे उतरले. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ मध्ये त्यात नारायण मल्हार जोशी दाखल झाले. १९११ मध्ये जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये सुरू केली. डिलाईल रोडला ज्यांचे नाव दिले ते हेच ना. म. जोशी. एका विद्यार्थ्याच्या वीस रुपयांपासून रात्रशाळेच्या कंदिलापर्यंतची ही वाट कोणत्याही जमाखर्चात सापडणार नाही.

विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर देणग्यांचा ओघ सुरू झाला. त्या काळच्या दात्याला बहुधा एखाद्याच्या स्मरणार्थ पारितोषिक ठेवायला आवडे. रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवायची, व्याजातून सुवर्णपदक, ग्रंथ किंवा शिष्यवृत्ती द्यायची. भाऊ दाजींच्या नावाचे संस्कृतचे पारितोषिक आणि झाला वेदान्त पारितोषिक ही त्यांतली दोन. पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे विल्सन कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा अशी पारितोषिके त्यांच्या नावावर होती. सगळ्यांत बोलबाला झाला तो जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला ती मिळे. मराठी घरांत ‘शंकरशेट स्कॉलर’ हा जणू किताबच होता. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी तो मिळवला, त्याचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो.

गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीने एका विषयाला पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठा मिळू शकते, याचे हे उत्तम उदाहरण. पण तिची दुसरी बाजूही इथेच दिसते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे मॅट्रिकच्या सर्वांत मानाच्या शिष्यवृत्तीचा दरवाजा परीक्षेच्या आधीच लागलेला होता. अटी कागदावर निर्मळ होत्या, कुणाची जात विचारत नव्हत्या. तरीही ज्याला वर्गातच बसू दिले नाही तो पहिला येणार कसा? त्याच्या वाट्याला आले ते गरज आणि होतकरूपण पाहून दिलेले बडोद्याचे २५ रुपये. दोन प्रकारच्या शिष्यवृत्त्यांतला फरक यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल. जो आधीच पुढे आहे त्याला गुणवत्तेची शिष्यवृत्ती शाबासकी देते. जो पुढे येऊ शकतो पण वाटेतच थांबेल, त्याला गरजेची शिष्यवृत्ती रस्त्यावर ठेवते. महाविद्यालयाला दोन्ही हव्यात. मात्र देणगीदाराने एकच निधी ठेवायचा असेल तर दुसरा ठेवावा, कारण पहिला क्रमांक मिळवणारा विद्यार्थी बहुधा त्याच्या पैशांवाचूनही पदवीपर्यंत पोचतो.

आर्ट्ससाठी देणगी मिळवणे मात्र पूर्वीपासूनच जिकिरीचे आहे. ‘आर्ट्सला जाऊन पुढे काय?’ हा प्रश्न चाळीच्या कट्ट्यावर विचारला जातो तसाच विश्वस्तांच्या बैठकीतही. इंजिनिअर, डॉक्टर, सनदी लेखापाल यांना केलेली मदत चार-पाच वर्षांत डोळ्यांना दिसते. इतिहास, तत्त्वज्ञान, मराठी, मानसशास्त्र शिकणाऱ्याचे फळ उशिरा आणि भलत्याच झाडाला लागते. आंबेडकर, गोखले, रानडे, दादाभाई हे सगळे कला शाखेतून घडले हे सांगितले की सभेत माना डोलतात. चेक मात्र दुसरीकडे जातो. हे बदलायला हवे आणि त्यासाठी आर्ट्सच्या शिक्षणाला नक्की काय लागते हे समजून घ्यायला हवे.

त्याला तास लागतात. डिलाईल रोडवरून रुइया, झेवियर्स किंवा कीर्ती कॉलेजात जाणारा विद्यार्थी समजा दुपारी एकला मोकळा होतो. तीनला तो लोअर परळच्या एखाद्या मॉलमधल्या दुकानात उभा राहतो, जिथे त्याच्या आजोबांच्या पिढीत साचे चालत होते. रात्री नऊला सुटी. दुकानाचा माल मोजून, शटर ओढून निघेपर्यंत साडेनऊ-दहा. दिवसाला सहा तास, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे १५६ तास. त्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम शिष्यवृत्ती म्हणून मिळाली आणि त्याने काम निम्मे केले, तर महिन्याला ७८ तास मोकळे होतात. ७८ तासांत एखादी जाड कादंबरी, इतिहासाचे दोन ग्रंथ आणि त्यांवरची टिपणे होतात. वर्गात प्राध्यापक एका लेखकाचे नाव घेतात आणि पुढे जातात. त्या लेखकाला ग्रंथालयात जाऊन शोधणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे, आणि ग्रंथालय तीनला दुकानात उभे राहणाऱ्याच्या उपयोगाचे नाही.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाचेही तेच. वाङ्मय मंडळ, वादविवाद, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, एकांकिकेच्या तालमी हे सगळे लेक्चर संपल्यावर सुरू होते. मुंबईच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट, लेखक, तंत्रज्ञ दिले ते नाट्यरसिकांना सांगायला नको. तालमी संध्याकाळी सुरू होतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. दुकानात उभा असणारा मुलगा तालमीला नसतो. त्याच्यात गुण कमी होता की वेळ, हे नंतर कुणालाच कळत नाही.

बाहेरच्या देशांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अमेरिकेत हार्वर्डला पहिली शिष्यवृत्ती १६४३ मध्ये लेडी अ‍ॅन मोल्सन यांनी शंभर पौंड देऊन ठेवली, तेव्हा तिथली परंपरा जुनीच. पण तिचा परिणाम मोजणे अलीकडचे. विस्कॉन्सिन राज्यात एका दाम्पत्याच्या खासगी देणगीतून गरीब विद्यार्थ्यांना वर्षाला ३,५०० डॉलर दिले जाऊ लागले. ज्यांना मदत मिळाली त्यांची निवड चिठ्ठ्या टाकाव्या तशी झाली होती, त्यामुळे तुलना चोख करता आली. चार वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले आणि मदत मिळालेले विद्यार्थी नोकरीत, विशेषतः रात्रीच्या कामात, कमी गुंतले. गिरणगावाला रात्रपाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेला प्रयोग याहून बोलका आहे. दोन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना फीतली तूट भरून मिळाली. शिवाय शहरातल्या प्रवासाचा पास, पाठ्यपुस्तके आणि ज्याच्याकडे थोडेच विद्यार्थी सोपवले आहेत असा एक सल्लागार मिळाला. तीन वर्षांनी यातले ४० टक्के विद्यार्थी पदवीधर झाले होते. ज्यांना हे मिळाले नव्हते त्यांतले २२ टक्के. प्रवासाचा पास ही गोष्ट किरकोळ वाटते. पण महिनाअखेरीस पास संपला आणि घरात पैसे नसले की पोर चार दिवस कॉलेजला जात नाही, आणि चार दिवसांत सुटलेला धडा पुढच्या सगळ्या धड्यांना अडवतो.

मुंबईत अशी वस्तुरूप मदत जुनीच आहे, फक्त तिला कुणी शिष्यवृत्ती म्हणत नाही. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासाची पुस्तकपेढी भक्तांच्या दानातून चालते; वर्षासाठी पुस्तके घ्यायची, परीक्षा झाली की परत करायची. लालबाग-परळची गणेशोत्सव मंडळे अभ्यासिका चालवतात. जूनमध्ये नाक्यानाक्यावर वह्यावाटप होते. कोकणातल्या गावांची मुंबईतली मंडळे वार्षिक सभेत मुलांचा सत्कार करून हाती पाकीट देतात. यांतली अभ्यासिका ही सगळ्यांत मोलाची म्हणावी लागेल. १६० चौरस फुटांच्या खोलीत जे मिळणे अशक्य ते तिथे मिळते: एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर ट्यूबलाइट आणि रात्री बारापर्यंत शांतता.

वेळ देण्याची आणखी एक तऱ्हा आंबेडकरांनी स्वतः अमलात आणली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथले वर्ग सकाळी भरत, जेणेकरून विद्यार्थी दिवसभर नोकरी करू शकेल. डबक चाळीत रात्री दोनला उठून वाचणाऱ्या माणसाने वेळापत्रकच विद्यार्थ्याच्या पोटापाण्याकडे पाहून आखले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि तिच्यासाठी त्यांनी आग्रह धरला होता. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. ही मोठी कामे सरकारचीच आहेत. लाखो विद्यार्थ्यांचा भार खासगी दान उचलू शकत नाही. खासगी निधीचा उपयोग फटीत होतो. सरकारी हप्ता खात्यात जमा व्हायला कित्येकदा वर्ष सरते, आणि विद्यार्थ्याची गरज जून-जुलैत असते. त्या दोन महिन्यांत हातात पडलेले तीन हजार रुपये मार्चमधल्या दहा हजारांपेक्षा जास्त उपयोगी.

मुलींच्या बाबतीत ही फट अधिक रुंद आहे. पैसा कमी पडला की आधी मुलीचे कॉलेज थांबते, भावाचे नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि घराघरांतले पगार बंद झाले. ज्या मुली त्या काळात शिकत राहिल्या त्यांच्या मागे बहुधा खानावळ चालवणारी, पापड लाटणारी आई होती. त्याच्या कितीतरी आधी मुलींच्या उच्च शिक्षणाला मोठी देणगी मिळाली होती, ती मात्र गिरणीमालकाकडूनच: १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. मुलीला मदत करताना रकमेइतकाच तिच्या नावाच्या खात्याला अर्थ आहे. पैसा तिच्या खात्यात आला तर घरातले तिच्या शिक्षणाकडे खर्च म्हणून बघत नाहीत.

दात्याची अट हा नाजूक विषय आहे. १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याने दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना आणि परत फिरावे लागले. सयाजीरावांची नियत खोटी नव्हती. पण विद्यार्थी घडवताना त्याला पुढे ज्या गावात राहायचे त्या गावाची तयारी कुणी केली नव्हती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीने वेगळी वाट धरली: परदेशी शिक्षणासाठी कर्ज द्यायचे, फेडलेले पैसे पुढच्या विद्यार्थ्याला द्यायचे. नोकरी कुठे करायची हे त्यात सांगितलेले नव्हते. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक.

कला शाखेत विचारावर अट घातली गेली तर शिष्यवृत्तीचा हेतूच मरतो. एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ती रुचली नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबली. निबंध लिहायला शिकवणाऱ्या संस्थेनेच निबंधासाठी दंड केला. म्हणून चांगल्या निधीच्या घटनेत दाता आणि निवड समिती वेगळी ठेवतात, आणि मदत एकदा मंजूर झाल्यावर ती विद्यार्थ्याच्या मतांवरून थांबवता येत नाही.

देण्याच्या पद्धतीचाही प्रश्न असतो. मंचावर बोलावून, हार घालून, विद्यार्थ्याच्या वडिलांची नोकरी गेल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगून पाकीट देणारे समारंभ अजून होतात. अठरा वर्षांच्या मुलाला ते कायमचे लागते, आणि पुढच्या वर्षी तो अर्जच करत नाही. उत्पन्नाचा दाखला एकदाच घ्यावा, रक्कम खात्यावर पाठवावी, दात्याला विद्यार्थ्याने वर्षातून एक पत्र लिहावे, एवढे पुरते.

निधी टिकवण्याचे गणित साधे असले तरी निष्ठुर आहे. पाच लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५,००० रुपये मिळतात, म्हणजे एका विद्यार्थ्याला महिन्याला जवळजवळ २,९००. हे सगळे व्याज दरवर्षी वाटून टाकले आणि महागाई सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर बारा वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी होते. ७२ ला महागाईच्या दराने भागले की हा हिशेब येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी १,००० रुपये चार टक्क्यांच्या रोख्यांत ठेवले, त्याचे वर्षाला ४० रुपये आले. गोखल्यांच्या काळात ते त्यांच्या दोन महिन्यांच्या शिष्यवृत्तीइतके होते. आज ते दोन वडापावांत संपतात. म्हणून जाणते विश्वस्त व्याजाचा काही भाग मुद्दलात परत घालतात, आणि माजी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी थोडी भर मागतात. जुन्या निधीची मूळ अट पाळणेच अशक्य झाले असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मूळ हेतूच्या जवळचा उपयोग न्यायालयाकडून ठरवून घेण्याची सोय आहे. तिचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही, आणि कित्येक सुंदर नावांचे निधी वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर नुसते नाव म्हणून उरतात.

शेवटचा मुद्दा नूतनीकरणाचा. बहुतेक निधींत पहिल्या वर्षी एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, की मदत बंद होते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतून समाजशास्त्र वाचायला लागतो, तेव्हा पहिले सत्र शब्दांशी झुंजण्यातच जाते. व्याख्यान ऐकताना तो वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवतो आणि रात्री शब्दकोशात शोधतो. दिवाळीनंतर त्याला वाक्ये कळू लागतात, दुसऱ्या वर्षी मुद्दे. नेमकी पहिल्या निकालाला मदत तोडली तर तो परत मॉलमधल्या दुकानात जातो, या वेळी पूर्ण पाळीला. काही निधींनी म्हणून नियम बदलला आहे: एका सत्राची सवलत, त्या सत्रात इंग्रजीचा एक जादा वर्ग, आणि पुढच्या निकालानंतर फेरविचार. त्या जादा वर्गाला शिकवायला बहुधा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी येतात. दोन वर्षांपूर्वी तेही याच वर्गात बसलेले असतात.